वळिवड्याचे पोलिश निर्वासित

ज्युबिली ह्या शब्दाचा उगम जुन्या करारात आहे, हे आमच्या वाचकांस सांगणे नलगे. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वराने इस्राएल लोकांस पन्नासावे वर्ष पवित्र मानण्याची आज्ञा दिली. त्या वर्षी रणशिंग फुंकावे, दासांस मुक्त करावे आणि प्रत्येकाने आपल्या वाडवडिलांच्या वतनाकडे परत जावे, असे त्या आज्ञेचे स्वरूप आहे. परंतु त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट सांगितली आहे व ती उत्सवाच्या गडबडीत सहसा ध्यानातून जाते. भूमी परमेश्वराची आहे; तिच्यावर राहणारे आपण सर्व तिचे धनी नसून त्याच्या घरचे परके व पाहुणे आहोत, असा तिचा आशय आहे.

आमच्या देवळाच्या बांधणीचा आणि येथे सेवा केलेल्या धर्मगुरूंचा वृत्तांत ह्या अंकात अन्यत्र येतच आहे. आम्ही येथे जो विषय घेतला आहे तो ज्यांस आपल्या वतनाकडे परत जाता आले नाही अशा लोकांचा आहे. कोल्हापूरजवळील वळिवडे ह्या गावी इ. स. १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. ते आपलेच धर्मबंधू होते. मराठी मुलुखाच्या मातीवर त्यांनी पाच वर्षे पवित्र मिस्सा ऐकली, मुलांस शिकविले, लग्ने लावली व आपल्या मृतांस मूठमाती दिली. तरी आमच्या विदर्भातील धर्मग्रामांतून त्यांची आठवण फारशी निघत नाही. ह्या इतिहासात आम्हां सर्वांस शिकण्यासारखे पुष्कळ आहे, अशा समजुतीने तो येथे थोडक्यात सांगतो.

पोलंड हा मध्य युरोपातील कॅथलिक देश. रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया ह्या तीन बलाढ्य शेजाऱ्यांनी त्याचे लचके तोडून इ. स. १७९५ मध्ये त्याचे नाव नकाशावरून पुसून टाकले. पुढे १२३ वर्षे पोलिश लोकांस राज्य नव्हते. होती ती केवळ भाषा व धर्मश्रद्धा. इ. स. १९१८ मध्ये देश पुन्हा स्वतंत्र झाला, परंतु ते स्वातंत्र्य एकवीस वर्षेच टिकले. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून स्वारी केली आणि १७ सप्टेंबर रोजी सोव्हिएत रशियाची सेना पूर्वेकडून आत शिरली. दोघांनी मिळून देश वाटून घेतला.

पूर्वेकडील भागात जे घडले त्याचा आमच्या विषयाशी प्रत्यक्ष संबंध आहे. १० फेब्रुवारी १९४० रोजी, ऐन कडाक्याच्या थंडीत, तेथील पोलिश कुटुंबांस घराबाहेर काढून रशियाच्या अंतर्भागात नेण्यास आरंभ झाला. त्याच वर्षी एप्रिल व जून महिन्यांत आणि पुन्हा इ. स. १९४१ च्या जून महिन्यात अशाच आणखी तुकड्या नेण्यात आल्या. शेतकरी, वनरक्षक, शिक्षक, पोलिस, सैनिकांच्या बायका, म्हातारीकोतारी, तान्ही मुले, कोणीही सुटले नाही. गुरांच्या वाघिणींत कोंडून, आठवडेच्या आठवडे प्रवास घडवून, त्यांस आर्खान्गेल्स्कच्या रानांत, सैबेरियात व कझाकस्तानच्या माळरानांवर नेऊन टाकले. जंगलतोड करावी किंवा सामुदायिक शेतावर राबावे, आणि त्याबद्दल मिळेल तेवढ्या भाकरीवर दिवस काढावे, असा तेथील क्रम होता. भुकेने, थंडीने व रोगराईने किती जीव गेले ह्याची मोजदाद परमेश्वराकडेच आहे.

२२ जून १९४१ रोजी जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा पारडे फिरले. ३० जुलै १९४१ रोजी लंडनस्थित पोलिश सरकार व रशिया ह्यांच्यामध्ये करार झाला आणि ऑगस्ट महिन्यात ह्या सर्व लोकांस 'माफी' जाहीर झाली. ज्यांनी काही अपराधच केला नव्हता त्यांस माफी कशाची, हा प्रश्न वाचकांच्या मनात सहजच येईल. तो त्यांच्याही मनात होता. परंतु सुटका ही सुटका. रशियाच्या भूमीवर जनरल व्लादिस्लाव आंडर्स ह्यांच्या हाताखाली पोलिश सैन्य उभे राहू लागले, आणि ह्या सैन्याचा शोध घेत स्त्रिया, मुले व वृद्ध हजारो मैल दक्षिणेकडे चालू लागले. इ. स. १९४२ च्या मार्च–एप्रिल महिन्यांत व पुन्हा ऑगस्ट महिन्यात क्रास्नोवोद्स्क बंदरातून कास्पियन समुद्र ओलांडून एक लक्षाहून अधिक पोलिश माणसे इराणच्या पाहलवी बंदरास उतरली. त्यांत सैनिकांखेरीज साधी प्रजा हजारोंच्या संख्येने होती. कित्येक जण किनाऱ्यास लागल्यावर विषमज्वराने व अशक्तपणाने दगावले. त्यांच्या कबरी तेथेच आहेत.

सैनिक पुढे मध्यपूर्वेत व नंतर इटलीच्या रणांगणावर गेले. मागे राहिलेल्या स्त्रिया व मुले ह्यांस ठेवावे कोठे, हा प्रश्न दोस्त राष्ट्रांपुढे उभा राहिला. इराणात त्यांस कायमचे ठेवणे शक्य नव्हते. तेव्हा त्यांची पांगापांग झाली. पूर्व आफ्रिकेत टांगानिकातील टेंगेरू, युगांडातील मसिंदी व कोजा, मेक्सिकोतील सांता रोसा, न्यूझीलंडमधील पाहियातुआ अशा एकमेकांपासून दूरदूरच्या ठिकाणी पोलिश छावण्या वसल्या. त्यांतीलच काही लोक हिंदुस्थानच्या वाट्यास आले.

हिंदुस्थानात सर्वप्रथम आली ती मुले. इ. स. १९४२ च्या प्रारंभी अश्खाबादहून मोटारलॉऱ्यांनी, इराणचे डोंगर व वाळवंट ओलांडून, निराधार पोलिश मुलांचा एक तांडा मुंबईस पोहोचला व काही दिवस वांद्रे येथे राहिला. पुढे काठियावाडातील नवानगर संस्थानाचे अधिपती जामसाहेब दिग्विजयसिंहजी ह्यांनी समुद्रकाठी बालाचडी येथे मुलांसाठी वसतिस्थान उभारले. पोरक्या मुलांस त्यांनी आपणांस बापू म्हणण्यास सांगितले, ही गोष्ट आता पोलंडमध्ये सर्वश्रुत आहे. त्या वसतिस्थानाचे प्रमुख फादर फ्रांचिशेक प्लुटा हे पोलिश धर्मगुरू होते. हिंदू राजाच्या आश्रयाखाली कॅथलिक मुलांची जपमाळ व मिस्सा निर्वेधपणे चालली, हे येथे नमूद करणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

परंतु कुटुंबांचा प्रश्न मोठा होता. कराचीजवळच्या तात्पुरत्या छावण्यांत इराणहून येणाऱ्यांची संख्या वाढत चालली होती. तेव्हा कोल्हापूर संस्थानाच्या हद्दीत, शहरापासून काही मैलांवर, लोहमार्गालगत वळिवडे येथे कायम स्वरूपाची छावणी बांधण्याचे ठरले. राजर्षी शाहू छत्रपतींनी निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उघडून ज्या नगरीत परक्यास जागा देण्याची रीत पाडली, त्याच नगरीच्या वेशीवर ही वसाहत आली. इ. स. १९४३ च्या जून महिन्यात पहिली तुकडी येऊन पोहोचली, आणि पुढे ही छावणी हिंदुस्थानातील सर्वांत मोठी पोलिश वसाहत ठरली.

हा आश्रय निव्वळ दयेपोटी मिळाला, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. पोलंड हे इंग्रजांचे दोस्त राष्ट्र होते, युद्ध ऐन भरात होते, आणि छावणीच्या खर्चाचा भार लंडनमधील पोलिश सरकारावर होता. मुंबईतील पोलिश वकील एउगेनिउश बानाशिन्स्की व त्यांच्या पत्नी कीरा ह्यांनी ह्या लोकांसाठी अविरत खटपट केली. राजकारण, पैसा व दया अशा तीन धाग्यांनी हे काम विणले गेले होते. तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. ज्या १९४३ साली वळिवड्यास ही वसाहत उभी राहिली, त्याच साली बंगालमध्ये दुष्काळ पडून लक्षावधी माणसे अन्नान्न करीत मरत होती. धान्याची टंचाई देशभर होती. अशा काळात ह्या भूमीने परक्यांस जवळ केले. देणाऱ्याच्या घरी मुबलक असता दिले तर ते दान मोठे खरेच. परंतु स्वतःच्या ताटात कमी असता दिले त्याची किंमत प्रभू येशूने मंदिरातील विधवेच्या दोन दमड्या दाखवून आपणांस शिकविली आहे.

वसाहतीचे रूप कसे होते ते आता पाहू. लांबच लांब, कौलारू, चाळवजा बराकींच्या ओळी होत्या आणि त्यांतून कुटुंबागणिक वेगळ्या खोल्या होत्या. ही गोष्ट वाचकांस क्षुल्लक वाटेल, परंतु ती तशी नाही. सैबेरियात ज्यांनी वर्षानुवर्षे एका खोलीत अनेक कुटुंबांसह दिवस काढले होते, त्यांस आपले दार आपण लावता येणे ही केवढी गोष्ट होती, ह्याची कल्पना करावी. जेवणही सामुदायिक भटारखान्यातून नव्हते. प्रत्येक कुटुंबास ठरावीक भत्ता रोख मिळे व बायका बाजार करून आपली चूल आपण पेटवीत. आजूबाजूच्या खेड्यांतील माणसे भाजीपाला, दूध, अंडी, फळे घेऊन येत. आणि थोड्याच दिवसांत कित्येक दुकानदार मोडकीतोडकी पोलिश भाषा बोलू लागले. देणाऱ्याने शिजवून वाढले तर पोट भरते; आश्रितास स्वतःची चूल मांडू दिली तर त्याचा मानही राहतो.

छावणीत इस्पितळ होते, शाळा होत्या, सहकारी दुकान होते, नाटके व चित्रपट दाखविण्याची सोय होती, बालवीरांची पथके होती. प्राथमिक शाळांपासून माध्यमिक शाळेपर्यंत व अध्यापनवर्गापर्यंत सर्व शिक्षण पोलिश भाषेत चाले. पुस्तके दुर्मीळ होती. शिकवणाऱ्यांपैकी कित्येक स्वतः सैबेरियातून वाचून आलेले होते. ज्या मुलांची शाळेची तीन-तीन वर्षे वनवासात फुकट गेली होती, ती येथे पुन्हा अक्षर गिरवू लागली. क्षयाने व इतर दुखण्यांनी जर्जर झालेल्यांसाठी पाचगणीच्या थंड हवेत सोय करण्यात आली. इ. स. १९४६ मध्ये बालाचडीचे वसतिस्थान बंद झाले, तेव्हा तेथील मुलेही वळिवड्यासच आली.

ह्या सर्वांच्या मध्यभागी देऊळ होते. बराकींच्या ओळींमध्ये उभे राहिलेले ते साधे देऊळ. परंतु छावणीस वस्तीचे रूप देण्याचे काम त्याने केले. पोलिश लोकांची चेंस्तोहोवा येथील पवित्र मरियेवरील भक्ती प्रसिद्ध आहे. मे महिन्यातील मरियेची आराधना, ख्रिस्तशरीराच्या सणाची मिरवणूक, पुनरुत्थानाच्या आदल्या दिवशी अन्नावर घेतलेला आशीर्वाद, नाताळच्या पूर्वसंध्येस एकमेकांबरोबर मोडून खाल्लेली बेखमीर पापडी, अशा त्यांच्या रीती आहेत. त्याच पूर्वसंध्येच्या जेवणास मेजावर एक ताट रिकामे मांडून ठेवण्याची त्यांची परंपरा आहे. अवचित कोणी वाटसरू दाराशी आला तर त्यास जागा असावी, हा त्यातील भाव. ज्यांस स्वतः वाटसरू होऊन परक्याच्या दाराशी यावे लागले, त्यांस ते रिकामे ताट काय सांगत असेल ते त्यांचे तेच जाणोत.

आमच्या मते ह्या वसाहतीचे मर्म येथे आहे. राज्य गेले, घर गेले, कर्ते पुरुष रणांगणावर गेले, तरी हे लोक विस्कळित जमाव बनले नाहीत. देऊळ, शाळा व मातृभाषा ही तीन त्यांची त्यांच्यापाशी राहिली आणि म्हणून ते लोक म्हणून राहिले. ती तशी राहू शकली ह्याचे श्रेय जितके त्यांच्या निष्ठेस आहे, तितकेच ज्यांनी त्यांस आपल्यासारखे होण्याचा आग्रह धरला नाही त्यांसही आहे. कोल्हापूरच्या लोकांनी त्यांच्या घंटेस हरकत घेतली नाही, त्यांच्या भाषेस हसले नाही व त्यांच्या मृतांस जागा नाकारली नाही. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्या पोलिश कबरी आजही आहेत.

ह्या संबंधात परस्परांचे ऋण दुहेरी होते, हेही सांगितले पाहिजे. वळिवड्याच्या बायका ज्यांच्या पत्रांची वाट पाहत त्यांचे पती व पुत्र इटलीत लढत होते. १८ मे १९४४ रोजी मोंते कासीनो येथील उद्ध्वस्त मठावर पोलिश सैनिकांनी आपले निशाण लावले. त्याच इटलीच्या मोहिमेत हिंदी पलटणीही लढत होत्या व त्यांत मराठा पलटणी होत्या. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे ह्यांनी एकट्याने शत्रूचा मोर्चा जिंकून प्राण ठेवला. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव ह्यांनी जखमी सोबत्यांस गोळ्यांच्या वर्षावातून पलीकडे आणले. दोघांसही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा रीतीने पोलिश माता मराठी मुलुखात होत्या आणि मराठी मातांचे पुत्र पोलिश सैनिकांच्या शेजारी इटलीच्या मातीत पडत होते. पाहुणा कोण व यजमान कोण, हे अशा वेळी सांगणे कठीण पडते.

युद्ध संपले, मित्रराष्ट्रांस जय मिळाला. परंतु वळिवड्यास त्या जयाचा आनंद झाला नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथील बैठकीत पोलंडचा पूर्वभाग रशियाकडे राहील असे ठरले. छावणीतील बहुतेकांची घरे नेमकी त्याच भागात होती. पुढे ५ जुलै १९४५ रोजी इंग्लंड व अमेरिका ह्यांनी लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या सरकारच्या नावावर ही वसाहत चालत होती ते सरकार जगाच्या दृष्टीने एका दिवसात नाहीसे झाले. युद्धात हरलेल्यांस निदान परत जाण्यास घर असते. ह्या लोकांचा पक्ष जिंकला आणि घर मात्र गेले. काही काळाने वसाहतीचा भार संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्य व पुनर्वसन संघटनेने व पुढे आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेने उचलला.

आता कोठे जावयाचे, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबास आपापल्या मनाशी सोडवावा लागला. काही जण नव्या राजवटीच्या पोलंडमध्ये परत गेले. ज्यांचे पती वा पुत्र पोलिश सैन्यात होते त्यांस इंग्लंडमध्ये जाण्याची वाट मोकळी झाली व इ. स. १९४७–४८ मध्ये मोठ्या संख्येने लोक तिकडे गेले. काही ऑस्ट्रेलियास, काही अमेरिकेस, काही पूर्व आफ्रिकेतील छावण्यांत गेले. थोड्या मुली येथील तरुणांशी विवाह करून ह्याच देशाच्या झाल्या. इ. स. १९४८ मध्ये वसाहत रिकामी झाली. मधल्या काळात, १५ ऑगस्ट १९४७ रोजी, यजमान देश स्वतंत्र झाला होता. आपल्या देशाचे स्वातंत्र्य गमावून बसलेल्या पाहुण्यांनी दुसऱ्याच्या स्वातंत्र्याचा उदय त्या बराकींतून पाहिला.

येथे ह्या इतिहासाचे दुसरे पर्व सुरू होते. देश स्वतंत्र झाला तो दुभंगून. सिंध प्रांत पाकिस्तानात गेला आणि तेथील हिंदू कुटुंबे घरदार टाकून समुद्रमार्गे व लोहमार्गे इकडे आली. त्यांतील काहींस वळिवड्याच्या त्याच वसाहतीत जागा देण्यात आली. ज्या खोल्यांतून पोलिश बायका गेल्या त्याच खोल्यांत सिंधी बायकांनी चुली मांडल्या. ती वस्ती आज गांधीनगर ह्या नावाने ओळखली जाते आणि तेथील कापडाची बाजारपेठ दूरवर प्रसिद्ध आहे. एक लोक गेले, दुसरे आले. मालक मात्र तेथे कोणीच नव्हते. लेवीय पुस्तकातील जे वचन आम्ही आरंभी उल्लेखिले, त्याचा अर्थ ह्याहून स्पष्टपणे कोणत्या पुराव्याने दाखवावा?

आमच्या नागपुरास तर हा अनुभव अधिकच जवळचा आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी जरीपटका वसविला, हे सर्वांस ठाऊक आहे. पुढे तिबेटी निर्वासितांची नॉर्गेलिंग ही वसाहत आमच्याच पूर्व विदर्भात, आज गोंदिया जिल्ह्यात असलेल्या भागात, वसली. येथे एका पोलिश विदुषीचे नाव घेणे उचित होईल. वांदा दिनोव्स्का ह्या बाई युद्धापूर्वीपासून हिंदुस्थानात राहत होत्या व उमादेवी ह्या नावाने परिचित होत्या. त्यांनी आपल्या निर्वासित देशबांधवांस हिंदुस्थानच्या संस्कृतीची ओळख करून दिली, आणि पुढे वृद्धापकाळी तिबेटी निर्वासितांच्या सेवेस वाहून घेतले. इ. स. १९७१ मध्ये त्यांचे ह्याच देशात निधन झाले. ज्याने आश्रयाची किंमत जाणली तो तिचा सूद दुसऱ्याकडे फेडतो, ह्याचे हे उत्तम उदाहरण होय.

आणि आमच्या मंडळीचे मूळ तरी काय आहे? कामठीच्या छावणीबरोबर आलेले मद्रास इलाख्यातील सैनिक व नोकर, लोहमार्गाच्या कामानिमित्त आलेले गोमंतकीय, सॅव्हॉय प्रांतातील ॲनसीहून आलेले संत फ्रान्सिस सालेस ह्यांच्या नावाने चालणाऱ्या संघाचे धर्मगुरू, अशा बाहेरून आलेल्यांच्या श्रमांनी नागपूरची ख्रिस्तसभा उभी राहिली. इ. स. १८८७ मध्ये येथे धर्मप्रांत स्थापन झाला व इ. स. १९५३ मध्ये त्यास महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. ह्या इतिहासात मूळचा कोण व उपरा कोण, असा हिशेब मांडू गेल्यास आपल्यापैकी बहुतेकांचे नाव उपऱ्यांच्याच वहीत निघेल.

वळिवड्यास जे घडले ते एकाकी नाही, हे दाखविण्यास जगातील आणखी एक उदाहरण पुरे होईल. इ. स. १९५४ मध्ये व्हिएतनाम दुभंगले, तेव्हा उत्तरेतील लाखो कॅथलिक दक्षिणेस पळून आले, आणि इ. स. १९७५ मध्ये सायगाव पडल्यावर त्यांतील पुष्कळांस पुन्हा देशत्याग करावा लागला. अमेरिकेतील न्यू ऑर्लिअन्स येथील आर्चबिशप फिलिप हॅनन ह्यांनी त्यांस आपल्या शहरात बोलाविले. शहराच्या पूर्वभागात त्यांची वस्ती झाली. तेथे व्हिएतनामी भाषेत मिस्सा होऊ लागली, व्हिएतनामची राणी मरिया हिच्या नावे देऊळ उभे राहिले, घरांमागे गावाकडील भाज्यांचे वाफे पिकू लागले. इ. स. २००५ मध्ये कत्रिना वादळाने ते शहर बुडाले, तेव्हा सर्वांआधी परत येऊन घरे उभारणाऱ्यांत हे लोक होते आणि त्यांचे एकत्र येण्याचे ठिकाण त्यांचे देऊळ होते. पोलिश लोकांस वळिवड्यास पाच वर्षे मिळाली, ह्यांस पिढ्या मिळाल्या. परंतु तत्त्व एकच. ज्यास आपले देऊळ व आपली भाषा ठेवू दिली, तो निर्वासित नव्या भूमीवर भार न होता तिचा आधार झाला.

वळिवड्याची मुले म्हातारी झाली तरी वळिवडे विसरली नाहीत. इ. स. १९९८ मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांनी कृतज्ञतेचा स्तंभ उभारला. इ. स. २०१७ मध्ये पोलंडची राजधानी वॉर्सा येथे कोल्हापूरच्या नावाने स्मारक झाले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. सप्टेंबर २०१९ मध्ये छावणीतील काही वृद्ध व त्यांचे कुटुंबीय कोल्हापुरास येऊन गेले. मध्यंतरी त्यांच्याच देशातून आलेले पोपमहाराज दुसरे जॉन पॉल ह्यांनी इ. स. १९८६ मध्ये वसई व पुणे येथे मराठी मुलुखातील भाविकांस दर्शन दिले होते. ज्या लोकांस एके काळी आपण भाकरी दिली त्यांच्यातूनच आपणांस परमगुरुस्वामी लाभले, ही परमेश्वराची लीला होय.

आता हा इतिहास आमच्या धर्मग्रामापुढे काय ठेवतो, ते सांगून आटोपते घेतो. आज नागपुरास युद्धाने नव्हे, तर पोटापाण्यासाठी घर सोडून आलेली माणसे येतात. छत्तीसगडातून, झारखंडातून, आणखी दूरच्या प्रांतांतून आलेले मजूर, घरकाम करणाऱ्या मुली, इस्पितळांत काम करणाऱ्या परिचारिका रविवारी आमच्या देवळात मागच्या बाकांवर बसतात व मिस्सा संपताच निघून जातात. त्यांतील कित्येकांची नावे कोणत्याही धर्मग्रामाच्या वहीत नाहीत. त्यांस जुने कपडे व नाताळचा फराळ देणे चांगलेच आहे. परंतु वळिवड्याचा धडा ह्याहून पुढचा आहे. त्यांची नावे विचारून वहीत लिहावी. त्यांच्या भाषेत पापनिवेदन करता यावे म्हणून ती भाषा जाणणारा धर्मगुरू महिन्यातून एकदा तरी बोलवावा. त्यांच्या गीतांस आमच्या मिस्सेत जागा द्यावी. त्यांच्या मुलांस शाळेत घेताना कागदपत्रांच्या त्रुटी पुढे करू नयेत. त्यांच्यापैकी कोणी परगावी मरण पावल्यास दफनभूमीत जागा मागण्यासाठी त्यांच्या नातेवाइकांस दारोदार हिंडावे लागू नये. ह्यांतील कोणत्याही गोष्टीस मोठा निधी लागत नाही. लागते ती एवढीच जाणीव की, बाकावरची जागा आपण विकत घेतलेली नाही.

कोल्हापूरच्या लोकांनी जे केले ते पवित्र शुभवर्तमान न वाचता केले. आम्ही तर ते दर रविवारी ऐकतो. पवित्र मरिया व संत योसेफ ह्यांनी बाळ येशूस घेऊन रातोरात मिसर देशाची वाट धरली, तेव्हा तेथील ज्या अनाम माणसांनी त्यांस दार उघडले त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. परंतु त्यांच्या दाराशी आपले तारण उभे होते. ज्युबिलीच्या ह्या पावन वर्षी आमच्या धर्मग्रामातील प्रत्येक घरास अशा अवचित आलेल्या पाहुण्याची ओळख पटो व त्याच्यासाठी आपल्या मेजावर एक ताट रिकामे ठेवण्याची बुद्धी परमेश्वर आम्हां सर्वांस देवो, अशी आमची नम्र प्रार्थना आहे.